धीर धरायचा कोणी?

मराठी भाषेत धीर देता येतो, धरता येतो, सोडता येतो आणि कधी तो नकळत सुटूनही जातो. देणारा एक असतो, धरणारा दुसरा. हा शब्द ज्यांनी असा वापरात आणला त्यांच्या गाठीशी आजारपणाचा बराच अनुभव असावा, असे आम्हांला वाटते. ज्याच्यापाशी काही उरलेलेच नाही त्याने धरायचे तरी काय? आधी कोणीतरी ते आणून दिले पाहिजे. रोजच्या व्यवहारात मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. आजाऱ्याच्या खाटेशी जायचे, उशाशी चार मोसंबी ठेवायची, ‘धीर धरा, देव सारे पाहतो आहे’ असे म्हणायचे आणि परत यायचे. देण्याचे राहून जाते; मागणे तेवढे होते.

हा प्रश्न कोणत्याही दीर्घ आजारात उभा राहतो. परंतु एका आजारात तो फार टोकदार होतो. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर ‘एम.एस.’ म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर रबर असावे तसे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती या आजारात आपल्याच आवरणावर उलटते आणि जागोजागी ते कुरतडते. तेथे कठीण चट्टे उरतात. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या चट्ट्यांचा आणि रुग्णांच्या लक्षणांचा मेळ घालून या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. चट्टा कोठे पडला त्यावर लक्षण ठरते. कोणाची एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कोणाचा तोल जातो, कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. थकवा मात्र बहुतेकांना येतो, आणि तो झोपेने जाणारा नसतो. आजार संसर्गजन्य नाही. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. झटके कमी करणारी औषधे आहेत.

आपल्याकडे हा ‘गोऱ्यांचा आजार’ आहे असे पुष्कळ वर्षे मानले गेले. मुंबईच्या पारशी समाजात १९८०च्या दशकात झालेल्या पाहणीत तो लक्षणीय प्रमाणात आढळला, आणि पुढे एम.आर.आय. तपासणी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचू लागली तेव्हा इतर समाजांतही तो दिसू लागला. भारतात लाखामागे पाच ते दहा असा ढोबळ अंदाज धरला, तर २०११च्या जनगणनेनुसार सुमारे अठरा लाख वस्तीच्या परभणी जिल्ह्यात असे रुग्ण शंभर ते दोनशेच्या घरात असावेत. नऊ तालुक्यांत विखुरलेली ही माणसे एकमेकांना भेटण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. प्रत्येकाला वाटते, हा आजार जगात आपल्या एकट्यालाच झाला आहे.

परभणीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला, त्याला एक कारण आहे. या आजारात उष्णता वैरी असते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० साली नोंदविले की श्रमाने अंग तापले की रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. अंग निवले की ती परत येते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो. लंडन-पॅरिसच्या रुग्णाला याचा अनुभव गरम पाण्याच्या टबात येतो. परभणीच्या रुग्णाला तो मे महिन्यात स्वतःच्या घरात येतो, जेव्हा पारा चव्वेचाळिसावर असतो, पत्रे तापलेले असतात आणि वीज गेलेली असते.

समजा, सेलू तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारी तिशीची एक बाई आहे. सकाळी फळ्यावर लिहिताना तिचा हात ठीक असतो, दुपारी खडू गळून पडतो. रात्री पुन्हा हात ठीक. घरची माणसे हे पाहतात आणि मनाशी काही ठरवितात. ‘सकाळी चालत होती की! दुपारीच कसे होते?’ हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही. तो तिच्या पाठीमागे विचारला जातो, आणि तिला तो ऐकू येतो. पुढे ती कमी बोलू लागते. रविवारच्या मिस्साला येणे टाळते, कारण गुडघे टेकले की उठता येत नाही आणि सगळे पाहतात. तिला विचारले तर ती ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. आमच्या भागात तसे कोणी म्हणत नाही. ‘करमेना झालंय’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोकं जड वाटतंय’ असे म्हणतात. आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘तिने हाय खाल्ली.’

या वाक्प्रचारापाशी थोडे थांबले पाहिजे. हाय ‘खाल्ली’ जाते. म्हणजे समोर हाय वाढून ठेवली होती आणि तिने ती उचलून तोंडात घातली. दुसरीने खाल्ली नसती. भाषेने येथे नकळत एक निवाडा देऊन टाकला आहे: आजार देवाने दिला, पण उदासी तिची तिने ओढवून घेतली. हा निवाडा न्याय्य आहे काय, हाच या लेखाचा विषय.

वैद्यकाचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. एम.एस. झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हातरी उपचार करावा लागेल इतके नैराश्य येते. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण खूपच अधिक आहे. त्याची मुळे दुहेरी आहेत. एक मूळ परिस्थितीत असते: नोकरी जाईल, लग्न मोडेल, उद्या पाय उचलेल की नाही ठाऊक नाही. दुसरे मूळ मेंदूत असते. जे चट्टे पायाचा संदेश अडवितात तसलेच चट्टे आणि तीच जळजळ मनाचा तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांनाही पोहोचते. म्हणजे पाय जड होणे हे जसे आजाराचे लक्षण, तसेच मन जड होणे हेही. पाय ओढत चालणाऱ्याला आपण ‘तू पायाची हाय खाल्लीस’ असे म्हणत नाही.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही, उलट अधिक खोल जातो. कारण मुळे दुहेरी आहेत हे मान्य केले की विचारी माणसेही दोन चुकीच्या वाटांनी जाताना दिसतात. एक म्हणतो, ‘एवढे मोठे संकट आल्यावर माणूस उदास होणारच, त्यात उपचार कसला करायचा?’ दुसरा म्हणतो, ‘मेंदूतच बिघाड आहे, मग बोलून काय होणार?’ पहिल्याचे म्हणणे सहानुभूतीचे वाटते म्हणून ते अधिक फसवे. बैलगाडीवरून पडून हात मोडला तर दुखणारच, हे सर्वांना समजते. म्हणून कोणी हात बांधायचे थांबवीत नाही. दुःखाचे कारण कळले म्हणजे दुःखाचा बंदोबस्त झाला असे नाही. दुसऱ्याच्या म्हणण्यातही गफलत आहे. चट्टा बोलण्याने भरून येत नाही, हे खरे. परंतु अर्धांगवायूनंतर व्यायामाने माणूस पुन्हा पेला उचलू लागतो, तेव्हाही मेंदूतील मेलेला भाग जिवंत झालेला नसतो; उरलेल्या भागाने नवी वाट शोधलेली असते. मनाला अशी वाट शोधता येणार नाही असे मानण्यास काहीच आधार नाही.

या आजाराच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट आहे. ज्याची सविस्तर दैनंदिनी आज उपलब्ध आहे असा एम.एस.चा पहिला रुग्ण म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस द एस्ते. १८२२ सालच्या डिसेंबरात तो एका वडीलधाऱ्या आप्ताला भेटण्यासाठी स्कॉटलंडला गेला. पोहोचला तो आप्त मरण पावलेला. अंत्यविधीला पुष्कळ मंडळी होती, म्हणून त्याने रडू आवरण्याचा आटोकाट प्रयत्न केला, तरी ते आवरले नाही, असे तो लिहितो. त्यानंतर लवकरच त्याची दृष्टी इतकी अंधुक झाली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. १८४८ साली मृत्यू येईपर्यंत आजार त्याच्यासोबत होता. रडण्याने आजार झाला असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. लक्षात राहते ते इतकेच की या आजाराच्या पहिल्या लिखित कहाणीच्या पहिल्याच परिच्छेदात चारचौघांत रडू नये म्हणून धडपडणारा एक माणूस आहे.

शार्को यांनीही रुग्णांच्या मनःस्थितीतील बदल टिपले होते. पण पुढे वैद्यकाने उलटेच वळण घेतले. १९२६ साली लंडनमध्ये कॉट्रेल आणि विल्सन या डॉक्टरांनी शंभर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि निष्कर्ष काढला की हे रुग्ण बहुतांशी आनंदी असतात. शरीर मोडले तरी मन प्रसन्न! पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून हेच शिकविले गेले. काही रुग्णांत मेंदूच्या बिघाडामुळे अवास्तव प्रसन्नता दिसते, हे खरे आहे. काहींना आतून काही वाटत नसतानाही अनावर हसू किंवा रडू फुटते. तो मज्जासंस्थेचा दोष असतो, भावनेचा उमाळा नव्हे. परंतु बाकीच्यांचे काय? डॉक्टर खाटेपाशी आले की हसून ‘बरे आहे’ म्हणणारे त्यांत किती असतील? आजारी माणूस हसला की भेटायला आलेल्याची सुटका होते. हे आजाऱ्याला फार लवकर कळते, आणि मग तो पाहुण्याच्या सोयीसाठी हसू लागतो.

आता आपल्या घरांकडे वळू. परभणी जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या या प्रांतात धर्मग्राम विरळ आहेत, कुटुंबे खेडोपाडी पसरलेली आहेत आणि एकमेकांना धरून आहेत. आजारी माणसासाठी येथे जितकी प्रार्थना होते तितकी क्वचितच कोठे होत असेल. तिचे मोल आम्ही जाणतो. पण याच आजाराचा एक स्वभाव आहे, ज्यामुळे श्रद्धाळू घरात रुग्णाची विशेष कोंडी होते. बहुसंख्य रुग्णांत प्रारंभी झटका येतो, काही आठवडे टिकतो आणि मग बराचसा ओसरतो. औषध मिळो वा न मिळो, असे होऊ शकते. त्या आठवड्यांत घरात नोव्हेना चालू असते, कोणी यात्रेला नेलेले असते, कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलेली असते. पाय पुन्हा चालू लागतो. सारे देवाचे उपकार मानतात, ती साक्षही देते. आणि आठ महिन्यांनी दुसरा झटका येतो.

आता काय म्हणायचे? देव तर चुकत नाही. मग चूक कोणाची? ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे कोणीतरी म्हणतो, कधी हळुवारपणे, कधी प्रार्थनासभेत सर्वांसमोर. ज्या बाईचा पाय गेला होता तिच्यापाशी आता विश्वासही उरला नाही असे तिला सांगितले जाते. तिच्या उदासीला आता अपराधाची जोड मिळते. आम्ही स्पष्ट लिहितो: हा अन्याय आहे, आणि तो शुभवर्तमानाला धरून नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. त्याने तो प्रश्नच नाकारला. गेथशेमनीच्या बागेत त्याने स्वतःच्या मरणप्राय खिन्नतेविषयी जिवलगांना उघड सांगितले आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, जवळ जागे राहण्याची. ते झोपले.

संतांच्या चरित्रांतूनही आपण सोयीचे तेवढे उचलतो. हॉलंडमधील स्कीडाम गावची संत लिडविना (१३८० ते १४३३) ही दीर्घ आजाऱ्यांची आश्रयदाती मानली जाते. पंधरा वर्षांची असताना बर्फावर पडून तिची बरगडी मोडली, आणि पुढे वर्षानुवर्षे तिचे शरीर पायांपासून निकामी होत गेले. तिच्या लक्षणांची वर्णने वाचून काही वैद्यांनी अंदाज बांधला आहे की तिला एम.एस. असावा, सहाशे वर्षांनंतर निश्चित कोण सांगणार! ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’मुळे परिचित असलेल्या थॉमस अ केम्पिस यांनी तिचे चरित्र लिहिले आहे. प्रवचनांतून तिची सहनशीलता आपण ऐकतो. पण तिची चरित्रे हेही सांगतात की सुरुवातीच्या काळात ती आपल्या नशिबावर रडत असे, धडधाकट मैत्रिणी भेटून गेल्या की तिचे दुःख वाढे, आणि यान पॉट नावाच्या धर्मगुरूंच्या वारंवार भेटींनंतर, हळूहळू, तिच्या मनाला वाट सापडली. संतपदाला पोहोचलेल्या मुलीलाही वेळ लागला आणि वारंवार येणारा माणूस लागला. सेलूच्या बाईने मात्र दोन मोसंब्यांवर आणि एका वाक्यावर सावरावे, अशी अपेक्षा असते.

दुःखाकडे पाहण्याची एक जुनी, शहाणी परंपरा आपल्याच घरात आहे, तिची आठवण येथे करावीशी वाटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खिन्नतेवर काय उपाय करावेत याचा एक संपूर्ण प्रश्न चर्चिला आहे. त्यांनी पाच उपाय दिले: सुखाचा अनुभव, अश्रू, मित्रांची सहवेदना, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने झोप आणि आंघोळ यांना चिंतनाच्या पंक्तीला बसवावे, हे वाचून पहिल्यांदा हसू येते. मग त्या माणसाविषयी आदर वाटतो. शरीर आणि मन यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. अश्रूंविषयी ते म्हणतात की आत कोंडलेले दुःख अधिक बोचते, कारण मन सारे त्याच्याभोवती गोळा होते. बाहेर पडले की ते पांगते. मित्राच्या सहवेदनेने ओझे का हलके होते, याची त्यांनी दोन कारणे दिली आहेत. पहिले, दुसऱ्याने ओझे उचलल्यासारखे वाटते. दुसरे, आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे कळते, आणि ते कळण्यात सुख आहे. त्यांना दुसरे कारण अधिक पटते. (स्नानाबाबत एक पुस्ती जोडली पाहिजे: एम.एस.च्या रुग्णाला गरम पाणी वर्ज्य. एम.आर.आय. येण्यापूर्वी रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहणे, ही या आजाराच्या निदानाची एक पद्धतच होती. परभणीच्या उन्हाळ्यात गार पाण्याची बादली हाच खरा उपचार.)

थॉमस यांच्या यादीत ‘दुःख करू नकोस’ असे सांगणे हा उपाय नाही, हे लक्षात घ्यावे.

आधुनिक मानसोपचार या जुन्या शहाणपणाला एक गोष्ट जोडतो, ती म्हणजे पद्धत. मराठी वाचकांना किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा परिचय करून दिला, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या पद्धतीत दुःख आणि नैराश्य यांत केलेला भेद या चर्चेत फार उपयोगी आहे. ‘माझा पाय गेला, हे वाईट झाले’ हे दुःख. ते खरे आहे आणि त्याला जागा दिली पाहिजे. ‘पाय गेला, म्हणजे मी कवडीमोल झाले, माझ्यामुळे सगळ्यांचे वाटोळे झाले’ हे नैराश्य. यात वस्तुस्थितीच्या पुढे जाऊन स्वतःविषयी एक निवाडा दिलेला आहे. उपचार करणारा पहिल्याला हात लावीत नाही. दुसऱ्याची मात्र तो रुग्णाबरोबर बसून, आठवड्यामागून आठवडे, उलटतपासणी करतो. जोडीला तो दिवसाची आखणी करायला शिकवितो: अंगातली शक्ती सकाळी असते, तर मनाला बरे वाटेल असे एक काम सकाळी करावे आणि भांडी दुपारवर ढकलावीत. ऐकायला हे किरकोळ वाटते. थकव्यामुळे माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे उदास होतो, उदास झाल्यामुळे अधिक थकतो. हे रहाट थांबवायचे तर एखाद्या ठिकाणी हात घालावाच लागतो.

याचा उपयोग होतो काय? होतो, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एम.एस. आणि नैराश्य असलेल्या १२७ रुग्णांना सोळा आठवडे, आठवड्यातून एकदा, फक्त टेलिफोनवरून मानसोपचार देण्यात आला. निम्म्यांना विचार व वर्तन यांवर काम करणारी वरील प्रकारची पद्धत, निम्म्यांना भावनांना वाट करून देणारा आधार. दोन्ही गटांची उदासी उतरली. पहिल्या गटाची अधिक उतरली. वर्षभराने पाहिले तेव्हा सुधारणा टिकून होती आणि दोन गटांतील फरक मात्र राहिला नव्हता. आम्हांला हा शेवटचा तपशील महत्त्वाचा वाटतो. नुसते नीट ऐकून घेणेही वाया गेले नव्हते, अर्थात ते ऐकणारेही प्रशिक्षित होते. आणखी एक गोष्ट अभ्यासांतून पुढे आली आहे: उदास झालेला रुग्ण एम.एस.ची इंजेक्शने अर्धवट सोडण्याचा संभव असतो. उदासीवर उपचार झाले तर ती चालू राहतात. गरज पडल्यास नैराश्यावरील गोळ्याही उपयोगी पडतात, आणि त्या घेण्यात मधुमेहाच्या गोळ्यांपेक्षा अधिक लाज नाही.

टेलिफोनवरून होते, हे परभणीकरांनी विशेष ऐकावे. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जायचे तर नांदेड गाठायचे किंवा रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर. ज्याला चार पायऱ्या चढवत नाहीत त्याने मनाच्या उपचारासाठी दर आठवड्याला हा प्रवास करावा, हे अशक्य. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आशेची गोष्ट. त्याआधी २०१५ साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, शासनाने मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात परभणी होता. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. मन आजारी पडू शकते, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. एम.एस.चा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या उपचाराला हक्काचा दर्जा दिला आहे. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना एकमेकांशी जोडून देते; आपल्यासारखा दुसरा कोणीतरी आहे, हे पहिल्यांदा कळण्याचे मोल आजारी नसलेल्याला सांगून समजणार नाही.

हक्क म्हटले की विचाराची भाषा बदलते. जे आजाराचेच अंग आहे त्यावरचा उपचार ही कृपा राहत नाही. इंजेक्शनसाठी आपण शेत गहाण टाकतो, आणि मनाच्या उपचाराचा विषय निघाला की ‘ती काही वेडी नाही’ म्हणून उठून जातो. एकाच रोगाच्या दोन लक्षणांत केलेला हा पंक्तिप्रपंच आहे. त्यातही सून आणि मुलगा यांत पुन्हा वेगळा पंक्तिप्रपंच होतो. मुलाला आजार झाला तर घर त्याच्याभोवती गोळा होते, सुनेला झाला तर तिला माहेरी ‘विश्रांतीला’ पाठविले जाते आणि विश्रांती संपतच नाही. त्याविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल.

मग धर्मग्रामातील साध्या माणसाने काय करावे? तो मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तसा आव त्याने आणू नये. परंतु ओळखणे त्याला शक्य आहे. थकवा, झोप न लागणे, लक्ष न लागणे ही लक्षणे एम.एस.चीही आहेत आणि नैराश्याचीही, म्हणून डॉक्टरांच्याही नजरेतून उदासी निसटते. अभ्यासकांना असे आढळले आहे की दोनच प्रश्न बरेच काही सांगून जातात: गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, निराश असते काय? आणि ज्यात पूर्वी रस वाटे त्यात आता वाटेनासा झाला आहे काय? परभणीच्या बोलीत ‘कशात जीव लागतो का?’ एवढे विचारले तरी चालेल. उत्तर ‘नाही’ आले, तर घाईने उपदेश न करता ते ऐकावे आणि डॉक्टरांपर्यंत किंवा वरच्या क्रमांकापर्यंत पोहोचविण्यास मदत करावी. जगणे नकोसे झाले आहे काय, हेही विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट तो एकट्याने वाहणाऱ्याला पहिल्यांदा सोबत मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर मात्र त्या माणसाला एकटे सोडून उठू नये.

ईयोबाचे तीन मित्र आपण त्यांच्या लांबलचक भाषणांसाठी लक्षात ठेवतो, आणि त्या भाषणांबद्दल देवाने त्यांना खडसावले हेही. पण बोलण्यापूर्वी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. त्यांच्या हातून घडलेली ती एवढीच चांगली गोष्ट. रुग्णाजवळ बसताना तिच्या नवऱ्याकडे किंवा आईकडेही पाहावे. वर्षानुवर्षे उचलून ठेवणाऱ्या, धुणाऱ्या, रात्री उठणाऱ्या माणसालाही करमेनासे होते, आणि तो तर आजारीसुद्धा नसतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. एका दुपारसाठी त्याची जागा घेऊन त्याला बाजारात मोकळे पाठवावे. तो काही न घेता परत आला तरी हरकत नाही.

भेटीला जायचे तर आधी विचारून जावे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा दिवे लागल्यावर जावे. दुपारी रुग्णाच्या अंगात बोलण्याचेही त्राण नसते. खोलीत खिडकीशी पडदा ओला करून टाकावा. सर्वांनी एकदाच जाण्यापेक्षा एकेकट्याने, पंधरा-वीस मिनिटे, दर आठवड्याला जावे. आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी येणार, तो वार निघतानाच सांगून ठेवावा.